मधली पिन

बाबांना झटका आला तेव्हा त्यांच्या हातात तिसरा गिअर होता. गिऱ्हाइकाच्या वस्तूला कधी धक्का लागू द्यायचा नाही हा आयुष्यभराचा नेम, त्यामुळे ते स्वतः पडले, गिअर पडू दिला नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही तो दातेरी लोखंडी गोळा छातीशी होता. "हे पेशंटबरोबर येणार का?" असं एकाने विचारलं. कुणालाच उत्तर सुचेना, म्हणून तो बरोबर गेला. पुढे हॉस्पिटलमधून एका पिशवीत चष्मा, कवळी, घड्याळ आणि तिसरा गिअर असं सगळं सही घेऊन परत मिळालं.

गिअरबॉक्स घरात आला त्याचंही कारण बाबाच. गॅरेज बंद करून ते घरी बसले होते, म्हणजे बसता येत नाही म्हणून घरभर फिरत होते. अंगणात त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी होती. दुसरा गिअर टाकला की ती कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडायची. बाबांनी तिला ठोकळ्यांवर चढवलं, पोटातून गिअरबॉक्स उतरवला आणि थेट बाहेरच्या खोलीत आणून जुन्या चादरीवर ठेवला.

"इथे?" आई म्हणाली होती.

"अंगणात धूळ असते. ऑपरेशन काय अंगणात करतात?"

त्यांनी तो उघडला. एकेक गिअर, एकेक रिंग, एकेक दांडी ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने चादरीवर मांडली. हा क्रम म्हणजे सगळी विद्या. तो चादरीवर होता आणि बाबांच्या डोक्यात होता. मग बाबांचं डोकं बिघडलं, आणि चादर आईच्या ताब्यात आली.

आईचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. आजाऱ्याला बघायला माणसं येणार, आणि बाहेरच्या खोलीत हा काळा पसारा. तिने सगळे गिअर भांड्यांच्या साबणाने घासले, कोमट पाण्याने विसळले, फडक्याने कोरडे केले आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर थोरापासून धाकट्यापर्यंत ओळीने लावले. पितळी रिंगा एकसारख्या दिसत होत्या, म्हणून त्या एकात एक घालून वाट्यांसारख्या रचल्या. बारीकसारीक पिना, गोळ्या आणि स्प्रिंगा एका वाटीत. आल्यागेल्याने मांडणीचं कौतुक केलं. एका बाईंनी तर हा सेट कुठे मिळतो असं विचारलं.

बाबा घरी परतले ते उजवी बाजू हरवून. जीभही गेली होती, पण सगळी नाही. एक शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. माणसाच्या तोंडात जन्मभर जे बसलेलं असतं, तेवढंच मागे राहतं. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी राहते. बाबांचं राहिलं, "उद्या."

बाबांना ओळखणाऱ्या कुणालाही यात नवल वाटलं नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं. गाडी कधी मिळेल? उद्या. शेजारी टायरचं दुकान चालवणारा त्यांचा जुना दोस्त बघायला आला, पलंगाशी बसला, बाबांनी त्याच्याकडे पाहून "उद्या" म्हटलं, आणि तो डोळे पुसत म्हणाला, "घ्या. वरच्याने जीभ नेली, पण धंदा ठेवला." या माणसाला सगळे हवाकाका म्हणत. तो टायरमध्ये हवा भरायचा, आणि उरलेल्या वेळात बोलण्यात.

घरातला मुलगा बसस्टँडवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत कामाला होता. "शोध चालू आहे" हे वाक्य तो दिवसभर म्हणायचा. बाबांनी लहानपणीच त्याचं नाव न्यूट्रल ठेवलं होतं. इंजिन चालू, आवाज पुरेसा, गाडी जागेवर. आईचं आणि ताईचं भांडण झालं तर आईची बाजू घेऊ की ताईची, या विचारातच त्याचं जेवण गार व्हायचं. पुढे सगळे त्याला न्यूट्रलच म्हणू लागले, आणि त्यानेही हरकत घेतली नाही, जे नावाला धरूनच होतं.

पण बाबांच्या बाबतीत न्यूट्रलचं एक ठाम मत होतं, बहुधा आयुष्यातलं पहिलंच. बाबांना सगळं समजतं.

ताईचं मत वेगळं होतं. ती दुसऱ्या गावाहून आली, बाबांच्या शेजारी तासभर बसली, त्यांचा डावा हात हातात घेऊन बरंच काही बोलली. बाबा प्रत्येक वाक्याला "उद्या" म्हणाले. मग ती स्वयंपाकघरात आली आणि मांडणीवरच्या गिअरकडे बघत म्हणाली, "मी त्यांच्यासाठी एका केंद्रात जागा बघितलीय. चोवीस तास माणसं असतात. उचलायला, फिरवायला, सगळ्याला."

"बाबांना?" न्यूट्रल म्हणाला. "त्यांना सगळं समजतंय, ताई. त्यांना तिथे टाकायचं?"

"टाकायचं नाही, ठेवायचं. आणि समजतंय कशावरून?"

"बोलतात ना."

"उद्या म्हणतात. अरे, रेडिओला हात लावला की तोही खरखरतो. म्हणून त्याला आपलं दुखतंय असं नाही." एवढं बोलून तिने नळ सोडला आणि स्वच्छ कप पुन्हा धुतला. "आईकडे बघ जरा. त्यांचं वजन बघ, तिचं वजन बघ."

"माझी काही तक्रार नाही," आई म्हणाली. त्या घरात याहून मोठी तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

ताईचा नवरा दारात उभा होता. स्वभावाने वाईट नव्हता, फक्त योग्य वेळी गप्प बसायची कला त्याच्याकडे नव्हती. "हे बघा न्यूट्रलराव," तो म्हणाला, "समजतंय म्हणता ना? मग हा जो तुम्ही लोखंडाचा डिनरसेट मांडलाय, तो सासऱ्यांना विचारून जोडून दाखवा. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली तर मी स्वतः म्हणेन, म्हातारा शुद्धीवर आहे."

तो गमतीत बोलला होता. पण न्यूट्रलने ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "तू म्हणशील?"

ताईने हातातला कप गिअरच्या ओळीशेजारी ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी ती जागा घ्यायची की सोडायची, ते कळवायचंय. तोवर जोडलास, आणि बाबांनी सांगितलं तसाच जोडलास, तर ते घरी राहतील. आपण इथेच माणूस ठेवू, काहीतरी करू. नाही जमलं, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

अशा रीतीने एका माणसाची शुद्ध गिअरबॉक्सवर लावली गेली. न्यूट्रलने आयुष्यात सायकलची चेन सोडून कशाला हात लावलेला नव्हता.

त्याने रजा टाकली. पलंगाशेजारी जेवायचं टेबल ओढलं, बाबांना उशांच्या आधाराने बसवलं आणि मांडणीवरून एकेक गिअर आणून समोर ठेवला. पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. तो गिअर उचलायचा, विचारायचा, "हा पहिला?" बाबा म्हणायचे, "उद्या." दुसरा उचलायचा. "उद्या." हरवलेल्या सामानाच्या खिडकीतही यापेक्षा जास्त माहिती मिळते.

पण दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की उद्या एक नाही. एक तुटक उद्या होता, तो "नाही." एक लांबवलेला होता, "उद्याऽ", आणि त्याबरोबर डोळे मिटायचे, तो "हो." आणि तिसरा होता नाकातून, सुस्काऱ्यासकट, त्याचा अर्थ "गाढवा", आणि तोच सगळ्यात जास्त वेळा यायचा. लहानपणापासून न्यूट्रलला बाबांचं जेवढं बोलणं आठवत होतं, त्यातही हेच प्रमाण होतं.

मग काम पुढे सरकलं. रिंगांचं सगळ्यात अवघड होतं. या पितळी रिंगा गिअरच्या शंकूवर बसतात आणि गिअर पडायच्या आधी दोघांचा वेग सारखा करतात. प्रत्येक रिंग आपापल्या गिअरबरोबर वर्षानुवर्षं झिजलेली, त्यामुळे दिसायला सगळ्या सारख्या असल्या तरी एकीचा संसार दुसऱ्याच्या घरी होत नाही. आईने त्या एकात एक घातल्या होत्या. न्यूट्रल गिअर घट्ट धरून बसायचा, बाबा डाव्या हाताने रिंग त्याच्यावर दाबायचे आणि पिळायचे. पकडली तर लांब उद्या. घसरली तर तुटक उद्या, आणि रिंग जमिनीवर. आई ती उचलायची, पदराने पुसायची आणि परत टेबलावर ठेवायची.

"मी धुतल्यामुळे झालं ना हे," ती एकदा म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिसरा, नाकातला उद्या काढला. आई कितीतरी दिवसांनी हसली. "मला गाढव म्हणाले ना?" तिने न्यूट्रलला विचारलं, आणि त्याने मान हलवल्यावर तिचा चेहरा असा उजळला की जणू कुणी तिला मुंडावळ्या बांधल्या.

दांड्या बसवायच्या वेळी बाबा हट्टालाच पेटले. गिअर बदलणाऱ्या दांड्या शेजारी शेजारी बसतात. न्यूट्रलने त्या सरकवल्या, वर झाकण ठेवलं आणि हात झटकले. बाबा टेबलावर बोट आपटायला लागले. उद्या, उद्या, उद्या. न्यूट्रलने एकेक वस्तू दाखवली. शेवटी वाटीच पुढे धरली. बाबांनी बोटाने त्यातून एक पिन बाहेर काढली. तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही टोकं गोल. ती दोन दांड्यांच्या मधल्या भोकात आडवी बसत होती. न्यूट्रलने बसवली, मग एक दांडी ढकलली आणि दुसरी ढकलून पाहिली. दुसरी जागची हलेना.

"म्हणजे एका वेळी एकच गिअर पडतो," तो म्हणाला. "ही मधे आहे म्हणून."

"उद्याऽ," बाबांनी डोळे मिटले.

न्यूट्रलला इतका आनंद झाला की त्याने लगेच ताईला फोन लावला. "बाबांनी मला आज पिन शिकवली."

"कसली पिन?"

"मधली. ती नसली तर दोन गिअर एकदम पडतात."

"त्यांनी शिकवलं? की तुला सापडलं?" ताई म्हणाली, पण पूर्वीसारखं नाही. आवाजात कुठेतरी आशा होती, आणि ती तिला आवडत नव्हती असं वाटलं.

शनिवारी खरं तर सगळं जोडून झालं होतं. फक्त हाताने फिरवून पाहताना तिसरा गिअर पडेना. बाबांनी कान हाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाला लावला, ऐकलं आणि सुस्कारा सोडला. कुठली तरी रिंग अजून परक्या घरी होती. पुन्हा उघडणं भाग होतं. पिना, गोळ्या, स्प्रिंगा पुन्हा वाटीत गेल्या. गिअरसाठी तेल आणायचं राहिलं होतं, म्हणून न्यूट्रल ते आणायला बाहेर पडला. वाटेत हवाकाका भेटला, आणि हवाकाका भेटला की हवा भरल्याशिवाय सोडत नाही.

घरी आला तर बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे पलंगावर कुणी नव्हतं. बाबा जमिनीवर उताणे होते, आणि त्यांच्या खाली, अर्धी दाबलेली, आई.

"काही नाही," आई छताकडे बघत म्हणाली. "कपडे बदलत होते. जरा बसलो."

"किती वेळ?"

"आत्ताच."

खिडकीतल्या उन्हात चहाचा कप होता आणि चहावर जाड साय धरली होती. न्यूट्रलने बाबांना कुशीवर वळवलं, आईला बाहेर ओढलं. तिचं मनगट पावाच्या गोळ्यासारखं सुजलेलं होतं. तिने तोच हात मागे लपवला. "ताईला बोलू नकोस हं," ती म्हणाली. "उद्याचा दिवस आहे."

"आई, अगं, हाक मारायचीस शेजारी."

"छातीवर यांचा भार, आवाजच निघेना. आणि यांच्या मानेखालचा हात काढता येत नव्हता मला. मान वळली असती तर श्वास अडकला असता." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं, "मला वाटलं, दोघंही इथेच जातो आता."

न्यूट्रलने बाबांना पलंगावर घेतलं. त्यांचे डोळे उघडे होते. ते आईच्या मनगटाकडे बघत होते. त्यानंतर मनगटाला पट्टी बांधून होईपर्यंत त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही. न्यूट्रलने विषय बदलायचा म्हणून एक रिंग उचलून विचारलं, "ही तिसऱ्याची का, बाबा?" बाबा काहीच म्हणाले नाहीत. उद्यासुद्धा नाही.

रविवारी सकाळी मात्र ते तयार होते. न्यूट्रल उठून येतो तो बाबा डाव्या हाताने वाटी जवळ ओढून बसलेले. असा उत्साह त्यांनी आजवर दाखवला नव्हता. नेहमी सकाळी आई त्यांची आखडलेली उजवी मूठ उघडून धुवायची आणि नखं रुतू नयेत म्हणून आत रुमालाची गुंडाळी ठेवायची. आज तिच्याच हाताला पट्टी. "मूठ मी उघडू का?" न्यूट्रलने विचारलं.

"उद्या," बाबा म्हणाले. तुटक.

मग कामाला लागले. परक्या घरची रिंग सापडली, आपल्या घरी गेली. बाबा बोट दाखवत होते, न्यूट्रल बसवत होता, आणि एकदाही नाकातला उद्या आला नाही. न्यूट्रलच्या मनात आलं, आता आपण शिकलो. दांड्या सरकवल्या. वाटीत हात घातला.

"बाबा, पिन? मधली?"

वाटीत गोळ्या होत्या, स्प्रिंगा होत्या. त्याने वाटी टेबलावर उपडी केली. पिन नव्हती. तो टेबलाखाली वाकला, चादर झटकली.

बाबांनी डाव्या हाताने हाउसिंगवर टकटक केलं. दांड्यांच्या जागेवरच. मग न्यूट्रलच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश डोळे मिटले. "उद्याऽ."

"आत आहे? काल निघालीच नव्हती?"

"उद्याऽ."

न्यूट्रलने झाकण बसवलं. बोल्ट आवळले. दांड्या ढकलून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. ज्याच्या शब्दावर पैज लावली, त्याचा शब्द तपासायचा कसा?

हवाकाका आला. दोघांनी गिअरबॉक्स अंगणात नेला, गाडीखाली आडवे झाले, जॅकवर उचलला, क्लचच्या प्लेटीत दांडा शिरेना म्हणून हवाकाकाने गाडीच्या घराण्यातल्या सगळ्या स्त्रियांची आठवण काढली, आणि शेवटी तो शिरला. ठोकळे काढले, तेल भरलं. तोवर ताई आणि तिचा नवरा, म्हणजे भावोजी, आले. बाबांना खुर्चीत बसवून फाटकापाशी आणलं. मांडीवर पांघरूण, उजवी मूठ पांघरुणाखाली. आई शेजारी उभी, पट्टीचा हात पदरात.

"हाताला काय झालं?" ताईने लगेच विचारलं.

"भाजलं," आई म्हणाली.

"भाजल्यावर असं बांधतात?"

"गाडी बघ, गाडी," आई म्हणाली.

न्यूट्रल गाडीत बसला. शेजारी भावोजी, कारण पंच कुणीतरी हवा. इंजिन सुरू झालं. पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडी फाटकाबाहेर निघाली. दुसरा, न ओरडता. एवढा गुळगुळीत की भावोजी नकळत म्हणून गेला, "च्यायला."

आरशात न्यूट्रलला सगळे दिसत होते. हवाकाका टाळ्या वाजवत होता. ताईने तोंडावर हात धरला होता. बाबा खुर्चीत पुढे झुकले होते, आणि ते गाडीकडे नाही, आईकडे बघत होते.

त्याने तिसरा टाकला.

काय झालं ते पुढे हवाकाका सगळ्यांना सांगायचा, आणि दर वेळी त्यात थोडी हवा वाढायची. पण झालं ते एवढंच, की गाडी गल्लीच्या मधोमध एका जागी रुतल्यासारखी थांबली. चाकं फिरायची थांबली, टायर फरफटले, इंजिनाने एक ढेकर दिला आणि ते मेलं. भावोजीचं कपाळ समोर आपटलं. न्यूट्रलने क्लच दाबला, लिव्हर हलवला. लिव्हर एखाद्या झाडासारखा उभा. मागे नाही, पुढे नाही. ढकलून बघितलं तर गाडीही हलेना. मागून येणाऱ्या एका टेंपोने हॉर्न वाजवला आणि बराच वेळ वाजवतच राहिला.

हवाकाका आला, खाली वाकला, लिव्हरला हात लावला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "दोन गिअर एकदम पडलेत रे. मधली पिन नाही आत."

"आहे," न्यूट्रल म्हणाला.

"नाहीये. असती तर हे होऊच शकत नाही."

"आहे, काका. मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, आहे."

ताई मागे येऊन उभी होती. तिने अगदी हळू विचारलं, म्हणजे तिलाही उत्तर नको असल्यासारखं, "बाबा काय म्हणाले?"

न्यूट्रलने टेंपोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. सांगायला एकच शब्द होता.

"उद्या," तो म्हणाला.

टेंपोवाल्यासकट कुणीच हसलं नाही. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू खूप केलंस." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांना त्याच दुपारी ताईच्या गाडीने नेलं. आईने त्यांचे कपडे, औषधं आणि चष्मा पिशवीत भरले. मग थोडा विचार करून तिने एक पितळी रिंग आत टाकली. कुठल्यातरी जुन्या गाडीची, उरलेली. "हाताला चाळा," ती म्हणाली. बाबा निघताना आईकडे वळले. डावा हात वर करून त्यांनी आईच्या पट्टीला बोट लावलं, बेअरिंग गरम झालंय का बघताना लावायचे तसं, आणि काढून घेतलं.

केंद्र स्वच्छ होतं. भिंती फिकट हिरव्या, आजाराला न चिडवणाऱ्या रंगाच्या. एक दणकट सेविका आली. तिने बाबांना एका हिसक्यात असं सरळ केलं की आई पाहतच राहिली. इतके दिवस ती जे मोडेपर्यंत करत होती, ते या बाईने जांभई देत केलं.

"मूठ कधी धुतली?" सेविकेने विचारलं.

"आज राहिली," आई ओशाळून म्हणाली.

सेविकेने एकेक बोट सोडवलं. आतून रुमालाची गुंडाळी निघाली. ती झटकली, तेव्हा काहीतरी टणकन फरशीवर पडलं, घरंगळत गेलं आणि न्यूट्रलच्या बुटापाशी थांबलं. तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही टोकं गोल.

न्यूट्रलने ते उचललं. सकाळपासून मुठीत राहून ते अंगाइतकं गरम झालं होतं.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा त्याच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत चूक पकडली गेल्याची लाज नव्हती. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलंय आणि आपण गाडी मुद्दाम अडवून ठेवलीय, कारण ब्रेक धड नाहीत आणि ते त्याला माहीत नाही, अशा वेळची ती नजर होती. न्यूट्रलने ती गॅरेजमध्ये शंभरदा पाहिली होती. त्याला वाटायचं, बाबा आळशी आहेत.

"काय आहे ते?" ताईने विचारलं.

एवढंच सांगायचं होतं. ही पिन. बाबांनी स्वतः काढली. त्यांना सगळं समजतं, ताई, तुझ्याहून आणि माझ्याहून जास्त समजतं. बघ, हा पुरावा, गरम आहे अजून. पैज त्याने जिंकली होती. एका वाक्यात बाबा पुन्हा घरी आले असते, बाहेरच्या खोलीत, पलंगावर. आणि आई त्यांच्या खाली.

आई पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरून उभी होती. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नव्हती. बसलं की उठता येत नाही हे तिला माहीत होतं.

"काय आहे रे?"

बाबांची नजर हलली नाही.

"काही नाही," न्यूट्रल म्हणाला. "पलंगाचा स्क्रू असेल." आणि पिन खिशात टाकली.

बाबांनी डोळे मिटले. सावकाश, लांब.

मग सेविकेने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि आत न्यायला निघाली. खुर्चीचं पुढचं चाक चिरकत होतं. दर फेऱ्याला एकदा, अंगावर काटा येईल असं. बाबांची मान लगेच त्या बाजूला कलली, कान खाली, ऐकायला.

"त्याला जरा ग्रीस लावा," न्यूट्रल मागून ओरडला. "त्यांना सहन होणार नाही."

"लावू हो," सेविका न थांबता म्हणाली. "उद्या."

बाबांचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला ते जमलं नाही. चिरकणं कॉरिडॉरभर ऐकू येत राहिलं, आणि ते वळणावरून दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ आईने हात हलवायचं थांबवलं नाही. दुखऱ्याच हाताने.